तत्त्वज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासात आकारिक तर्कशास्त्राचे स्थान

तत्त्वज्ञानाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिल्याच वर्षी दोन निराळ्या जातीचे विषय येतात. संकल्पनांचे विश्लेषण करणे, प्रतिउदाहरण शोधणे, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडून मगच त्याचे खंडन करणे या पद्धती एका बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला चिन्हे, सत्यता-कोष्टके आणि अनुमानाचे नियम यांनी बनलेले आकारिक तर्कशास्त्र असते, आणि त्याचा चेहरामोहरा गणितासारखा असल्यामुळे गणिताला कंटाळून कला शाखेकडे आलेले विद्यार्थी त्याला बिचकतात. या दोहोंचा एकमेकांशी नेमका संबंध कोणता, याची चर्चा प्राथमिक पुस्तकांत क्वचितच आढळते, आणि त्यामुळे तर्कशास्त्राची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही त्याचा उपयोग देकार्त किंवा शंकराचार्य वाचताना कसा करावा हे न उमगलेले विद्यार्थी दर वर्षी तयार होतात. चिन्हांची उलाढाल हा या अभ्यासातला तुलनेने सोपा भाग आहे. चालू भाषेतल्या युक्तिवादातून त्याचा आकार बाहेर काढणे आणि वैधतेचा निकाल लागल्यानंतर पुढे काय करायचे ते ठरवणे ही खरी कठीण कामे आहेत, आणि अध्यापनात सर्वांत कमी वेळ त्यांच्याच वाट्याला येतो.

प्रथम मूलभूत संज्ञा पाहणे आवश्यक आहे. एखाद्या विधानाच्या समर्थनार्थ इतर विधाने पुढे केली जातात तेव्हा त्या सर्वांचा मिळून युक्तिवाद बनतो. ज्याचे समर्थन करायचे ते विधान म्हणजे निष्कर्ष आणि समर्थनासाठी दिलेली विधाने म्हणजे आधारविधाने. सर्व आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य असणे अशक्य असेल, तर तो युक्तिवाद वैध होय. ही व्याख्या ऐकायला सरळ वाटते, पण तिचे परिणाम नवख्या विद्यार्थ्याला पचायला जड जातात. ‘सर्व मासे झाडावर राहतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा झाडावर राहतो’ या युक्तिवादातले एकही विधान सत्य नाही, तरी तो वैध आहे, उलट ‘पुणे महाराष्ट्रात आहे, नाशिक महाराष्ट्रात आहे, म्हणून कोल्हापूर महाराष्ट्रात आहे’ यातली तिन्ही विधाने सत्य असूनही तो अवैध आहे, कारण पहिल्या दोन विधानांमुळे तिसरे मानणे भाग पडत नाही. वैधता हा विधानांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे, सत्यता हा एकेका विधानाचा. युक्तिवाद वैध असून त्याची सर्व आधारविधानेही सत्य असतील तर त्याला सुदृढ म्हणता येईल, आणि तत्त्वज्ञानातले बहुतेक वाद शेवटी सुदृढतेविषयीच असतात. जे अनुमान निष्कर्षाची अशी हमी न देता तो केवळ संभाव्य ठरवते, ते विगामी अनुमान. विज्ञानातील गृहीतके आणि दैनंदिन व्यवहारातील अंदाज त्याच्या कक्षेत येतात, पण त्याचा विचार स्वतंत्र लेखाची मागणी करणारा आहे.

वैधता आशयावर अवलंबून नसून आकारावर अवलंबून असते, हे सूत्र पाश्चात्त्य परंपरेत प्रथम सुसंगतपणे मांडण्याचे श्रेय ॲरिस्टॉटलकडे (इ.स.पू. ३८४–३२२) जाते. दोन आधारविधाने व तीन पदे असलेल्या संवाक्याचे कोणते आकार वैध आणि कोणते अवैध, याची त्याने केलेली व्यवस्था इतकी भक्कम होती, की १७८७ मध्ये कांटने तर्कशास्त्राला ॲरिस्टॉटलनंतर एकही पाऊल पुढे टाकता आलेले नाही असे मत नोंदवले. ते तेव्हाही पूर्णपणे खरे नव्हते, कारण ‘जर–तर’, ‘किंवा’, ‘आणि’ यांनी जोडलेल्या संपूर्ण विधानांचे तर्कशास्त्र स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने इ.स.पू. तिसऱ्या शतकातच उभारले होते. संवाक्याची खरी मर्यादा एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाली. मदुराई येथे १८०६ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या उदाहरणात ‘घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे’ असे अनुमान येते. ते उघडपणे वैध आहे, पण त्यातला ‘चे डोके’ हा दोन वस्तूंमधला संबंध संवाक्याच्या चौकटीत बसत नाही. जॉर्ज बूल (१८४७ व १८५४) याने तर्काला बीजगणिताचे रूप दिले आणि गोटलोब फ्रेगे याने १८७९ मध्ये ‘सर्व’ व ‘काही’ यांचे व्यवहार दाखवणारे संख्यापक रचून ही अडचण दूर केली.

संख्यापकांचे मोल केवळ गणितापुरते नाही. ‘प्रत्येक घटनेला काहीतरी कारण असते’ या विधानावरून ‘असे एक कारण आहे की जे प्रत्येक घटनेचे कारण आहे’ या विधानावर झालेली उडी आदिकारणाच्या काही ढोबळ मांडण्यांमध्ये सापडते. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रत्येक माणसाला आई असते, पण म्हणून सर्व माणसांची मिळून एकच आई असते असे ठरत नाही. नुसत्या वाक्याकडे पाहून निसटून जाणारा हा दोष संख्यापकांत लिहिताच डोळ्यांत भरतो.

विधानांच्या जोडणीचे तर्कशास्त्र मात्र प्रारंभी शिकवले जाते आणि त्याचे साधन म्हणजे घटकविधानांच्या सत्य-असत्यतेचे सर्व पर्याय ओळीओळीने मांडणारे सत्यता-कोष्टक, जे १९२१ मध्ये विटगेन्स्टाइन व एमिल पोस्ट यांच्या स्वतंत्र लिखाणांतून रूढ झाले. ‘पाऊस पडला असेल तर अंगण ओले असते, अंगण ओले आहे, म्हणून पाऊस पडला आहे’ हा युक्तिवाद तपासायचा असेल तर संपूर्ण कोष्टक मांडण्याचीही गरज नसते. निष्कर्ष असत्य आणि दोन्ही आधारविधाने सत्य आहेत असे धरून चालावे आणि विसंगती निर्माण होते का ते पाहावे. निष्कर्ष असत्य, म्हणजे पाऊस पडलेला नाही. दुसरे आधारविधान सत्य, म्हणजे अंगण ओले आहे. आता पहिले विधान, ज्याचे पूर्वांग (‘जर’चा भाग) असत्य व उत्तरांग (‘तर’चा भाग) सत्य आहे, ते सत्य ठरू शकते का? ठरते, कोणीतरी सडा घातला असेल. विसंगती उद्भवली नाही, म्हणून युक्तिवाद अवैध. लघु सत्यता-कोष्टकाच्या या पद्धतीत एखादे यंत्रही चूक करणार नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य. संख्यापकांच्या क्षेत्रात अशी सर्वत्र चालणारी यांत्रिक कसोटी असूच शकत नाही, हे अलोन्झो चर्च व ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. तिथे पायरीपायरीने सिद्धता रचावी लागते, आणि अशा सिद्धतेची आज शिकवली जाणारी स्वाभाविक रीत गेऱ्हार्ट गेंट्सेन याच्या १९३४–३५ मधील संशोधनातून आली.

कोष्टकांत विद्यार्थी अडखळतो तो एकाच ठिकाणी, आणि त्याचे अडखळणे समंजसपणाचे लक्षण मानावे लागते. पूर्वांग असत्य असेल तर संपूर्ण ‘जर–तर’ विधान सत्य मानायचे, असा नियम आहे. त्यानुसार ‘चंद्र चुन्याचा असेल तर दोन आणि दोन पाच होतात’ हेही सत्य ठरते, आणि वर्गात हशा पिकतो. शिक्षकाने ‘नियमच आहे’ असे म्हणून पुढे सरकण्यापेक्षा एक छोटे कारण देणे इष्ट. ‘कोणतीही संख्या चारने विभाज्य असेल तर ती दोनने विभाज्य असते’ हे विधान निःसंशय सत्य आहे, म्हणून ते प्रत्येक संख्येच्या बाबतीत सत्य असले पाहिजे. चार या संख्येला पूर्वांग व उत्तरांग दोन्ही सत्य आहेत, तीनला दोन्ही असत्य आहेत, सहाला पूर्वांग असत्य पण उत्तरांग सत्य आहे. तिन्ही ठिकाणी विधान टिकले पाहिजे, म्हणजे कोष्टकाच्या त्या तीन ओळींत ‘सत्य’ लिहिण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तरीही या नियमाने ‘जर–तर’चा सगळा अर्थ पकडला जातो असा दावा करणे धाडसाचे होईल. फिलो आणि डायोडोरस या ग्रीक तार्किकांत याच मुद्द्यावर वाद होता व तो इतका गाजला होता, की छपरावरचे कावळेही आता त्यावरच काव काव करतात अशी थट्टा कॅलिमाकस या कवीने केली होती, सी. आय. लुइस याने १९१८ मध्ये अधिक कडक ‘जर–तर’ सुचवले आणि चर्चा आजही मिटलेली नाही.

कोष्टकापूर्वीचा टप्पा अधिक निसरडा आहे. ‘फी भरली तर परीक्षेला बसता येईल’ आणि ‘फी भरली तरच परीक्षेला बसता येईल’ या दोन वाक्यांत एका ‘च’ने पूर्वांग व उत्तरांग यांची अदलाबदल होते, कारण दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘परीक्षेला बसता आले तर फी भरलेली आहे’ असा होतो. पण ‘अभ्यास केलास तर खेळायला जा’ असे आई म्हणते तेव्हा ‘च’ नसतानाही मूल तो ऐकते. शब्दाचा तर्कदृष्ट्या अर्थ आणि बोलण्याच्या प्रसंगातून सूचित होणारा अर्थ यांत भेद करण्याची रीत पॉल ग्राइस याने १९६७ मधील हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखवली, आणि ती पहिल्याच सत्रात सांगण्यासारखी आहे. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ हे वाक्य तर दोन प्रकारे वाचता येते: काही आले, काही राहिले, किंवा एकही आला नाही. निषेध संपूर्ण वाक्याला लागतो की केवळ क्रियेला, यावर अर्थ ठरतो. निषेधाची कक्षा हाच प्रश्न बर्ट्रांड रसेलच्या १९०५ मधील प्रसिद्ध निबंधाच्या मुळाशी आहे. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे विधान, फ्रान्सला राजाच नसताना, सत्य नाही. मग ‘तो टकला नाही’ हे सत्य मानावे, तर टक्कल नसलेल्यांच्या यादीतही तो सापडत नाही. रसेलने वाक्याची फोड ‘असा एक आणि एकच राजा आहे आणि तो टकला आहे’ अशी केली आणि निषेध दोन ठिकाणी बसू शकतो हे दाखवले. आकारिक साधनाने तात्त्विक कोडे सुटल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

प्रत्यक्ष तत्त्वज्ञानाचा उतारा हाती आला की मात्र साधनापेक्षा निवड अधिक महत्त्वाची ठरते. पीटर सिंगरचा दुष्काळ, समृद्धी व नीती यांविषयीचा १९७२ मधील लेख यासाठी विशेष सोयीचा आहे. त्याचा प्रसंग पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लक्षावधी निर्वासितांचा आहे. त्यातील मुख्य युक्तिवाद असा मांडता येतो: अन्न, निवारा व औषधोपचार यांच्या अभावी होणारे हाल आणि मृत्यू वाईट आहेत, तितक्याच नैतिक मोलाच्या कशाचाही त्याग न करता एखादी वाईट गोष्ट टाळणे एखाद्याच्या हाती असेल तर ती टाळणे त्याचे कर्तव्य आहे, सुस्थितीतल्या लोकांना मदत पाठवून, तितक्या मोलाचे काहीही न गमावता, असे काही हाल टाळता येतात, म्हणून मदत पाठवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. या लेखातले सर्वांच्या लक्षात राहणारे उदाहरण उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाचे आहे: कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी त्याला बुडू देणार नाही. विद्यार्थी हमखास या मुलाला आधारविधानांत बसवतात. वस्तुतः ते उदाहरण मुख्य युक्तिवादाच्या बाहेर उभे आहे. दुसऱ्या आधारविधानाला बळ देणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी तिथे साधर्म्यावर आधारलेला वेगळाच युक्तिवाद चालतो. दुसरी चूक अधिक बोधप्रद आहे. प्रत्येक विधानाला एकेक अक्षर देऊन हा युक्तिवाद कोष्टकात घातला तर ‘क, ख, ग, म्हणून घ’ असा आकार मिळतो आणि तो अवैध ठरतो. युक्तिवादात खोट नसते; विधानांच्या आत असलेले ‘कोणतीही वाईट गोष्ट’, ‘कोणीही व्यक्ती’ हे संख्यापक त्या अक्षरांनी झाकून टाकलेले असतात. कोणत्या पातळीवर आकार पाहायचा हे ठरवण्याचा नियम कोणत्याही पुस्तकात देता येत नाही.

समजा युक्तिवाद वैध ठरला. त्यामुळे निष्कर्ष स्वीकारणे बंधनकारक होत नाही. आधारविधाने स्वीकारून निष्कर्ष नाकारण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. निष्कर्ष अमान्य असलेला माणूस त्याच वैधतेच्या जोरावर उलट दिशेने जाऊन एखादे आधारविधान खोटे ठरवू शकतो, आणि सिंगरच्या अनेक टीकाकारांनी दुसऱ्या आधारविधानाबाबत नेमके हेच केले. जी. ई. मूर याने १९३९ मध्ये बाह्य जगाविषयीच्या संशयवादाला आपले दोन हात दाखवून दिलेले उत्तर याच वळणाचे आहे: संशयवाद्याच्या आधारविधानांपेक्षा ‘हा एक हात आहे’ यावर आपली खात्री अधिक असेल, तर सोडायची ती आधारविधाने. कोणती खात्री अधिक वजनाची, हे तर्कशास्त्र सांगत नाही. पद्धतींचे खरे क्षेत्र इथे सुरू होते.

त्या पद्धतींपैकी प्रतिउदाहरणाची पद्धत सर्वांत परिचित आहे. ज्ञान म्हणजे सकारण सत्य श्रद्धा, या व्याख्येला एडमंड गेटियर याने १९६३ मध्ये तीन पानांच्या टिपणात दोन प्रतिउदाहरणांनी तडा दिला. त्याच जातीचे उदाहरण आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याच्याकडे सापडते: मांस भाजण्यासाठी नुकताच जाळ पेटवलेला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वर किड्यांचा थवा जमला आहे; दूरचा माणूस त्या थव्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे अनुमान करतो. त्याची समजूत सत्य आहे, तिला कारणही आहे, पण ते ज्ञान म्हणवत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने अशा प्रसंगांचा उपयोग ज्ञानाच्या व्याख्या मोडून काढण्यासाठी केला. अशा उदाहरणांवर लोक खरोखर सारखाच कौल देतात का, अशी शंका २००१ मध्ये जोनाथन वाइनबर्ग, शॉन निकोल्स व स्टीफन स्टिच यांच्या पाहणीने उपस्थित केली. पण भारत, जपान, ब्राझील व अमेरिका या चार देशांतल्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बहुसंख्य लोकांचा कौल गेटियरच्याच बाजूने पडला.

भारतीय परंपरेचा विचार या आढाव्यात शोभेसाठी केलेला नाही. आकार आणि आशय यांची फारकत करणे अपरिहार्य आहे का, या प्रश्नाचे तिथले उत्तर निराळे आहे. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: डोंगरावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर आहे हा हेतू, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण, या डोंगरावर तसाच धूर आहे हा उपनय, आणि म्हणून तिथे अग्नी आहे हे निगमन. संवाक्याच्या मापाने यातले दोन अवयव फाजील ठरवण्याची घाई काही अभ्यासकांनी केली. परंतु इथे एका माणसाने दुसऱ्याला पायरीपायरीने ज्ञानापर्यंत नेण्याचा क्रम आहे, आणि उदाहरणाचे काम व्याप्तीला, म्हणजे धूर व अग्नी यांच्या अव्यभिचारी साहचर्याला, अनुभवाचा आधार देण्याचे आहे. हेत्वाभासांच्या, म्हणजे सदोष हेतूंच्या, यादीत बाधित हेतू येतो, ज्याचे नेहमीचे उदाहरण ‘अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे’ असे आहे. आधुनिक तर्कशास्त्र म्हणेल की युक्तिवादाचा आकार वैध आहे, व्याप्ती तेवढी खोटी आहे. नैयायिक म्हणतो की प्रत्यक्षानेच खोडलेल्या गोष्टीसाठी हेतू देणे हाच दोष आहे. सुदृढता बाजूला ठेवून केवळ वैधता तपासण्याची त्याला गरजच वाटत नाही. शिवाय सत्याच्या शोधासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा हा न्यायसूत्रांतला भेद प्रारंभिक विद्यार्थ्याला तर्कदोषांच्या लांबलचक याद्यांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. ही सामग्री मराठी वाचकाच्या हाताशी फार पूर्वीपासून आहे: भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ मुंबईत तयार झाला, सतराव्या शतकात अन्नंभट्टाने नवशिक्यांसाठी लिहिलेल्या ‘तर्कसंग्रह’ची यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये निघाली, आणि सुरेंद्र बारलिंगे यांनी भारतीय तर्कशास्त्राचा आधुनिक परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले.

तर्कशास्त्र शिकल्याने विचारशक्ती सुधारते का, या प्रश्नावर मानसशास्त्राने काही कठोर पुरावा पुढे ठेवला आहे. पीटर वेसन याने १९६६ मध्ये मांडलेल्या प्रयोगात चार पत्ते असतात. मराठी अक्षरांत सांगायचे तर अ, क, ४ आणि ७. एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते, हा नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक लोक अ व ४ निवडतात. बरोबर उत्तर अ व ७ आहे, कारण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. १९८६ मध्ये पॅट्रिशिया चेंग व सहकाऱ्यांनी असे दाखवले, की तर्कशास्त्राचा एका सत्राचा नेहमीचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही विद्यार्थ्यांच्या या कामगिरीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. हाच आकार वयाच्या अटीच्या रूपाने मांडला, म्हणजे दारू पिणारी व्यक्ती सज्ञान आहे का ते तपासायला सांगितले, की बहुतांश लोक अचूक उत्तर देतात, असे ग्रिग्ज व कॉक्स यांना १९८२ मध्ये आढळले होते. याउलट प्रिन्स्टन विद्यापीठातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तत्त्वज्ञानातील खरे उतारे घेऊन त्यांतील आधारविधाने व निष्कर्ष यांचे आराखडे सत्रभर रेखाटणाऱ्या विद्यार्थ्यांची युक्तिवाद समजून घेण्याची क्षमता इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढली. चेंग यांचा आणि प्रिन्स्टनचा हे दोन निकाल एकत्र वाचले तर कोष्टके निरुपयोगी ठरत नाहीत; वाचनाच्या सरावाविना ती कोरडी राहतात इतकेच दिसते.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि त्यात सत्यता-कोष्टके व नैगमिक सिद्धता यांना भरघोस जागा आहे. त्यामागचे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे: सिद्धता बरोबर असते किंवा चूक, आणि हजारो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासता येतात. उताऱ्यातील युक्तिवाद बाहेर काढण्याच्या प्रश्नाला अशी सोय नाही. आगरकरांच्या ‘सुधारका’तील एखादा परिच्छेद किंवा लोकहितवादींचे एखादे पत्र देऊन निष्कर्ष कोणता, न बोललेले आधारविधान कोणते आणि प्रतिपक्षी त्यातले नेमके काय नाकारील असे विचारले, तर दोन चांगले विद्यार्थी दोन वेगळ्या पुनर्रचना देतील आणि दोन्ही समर्थनीय असतील, परीक्षकाला दोहोंतील आधारविधाने लेखकाच्या तोंडी शोभतात का आणि त्यांतून निष्कर्ष खरोखर निघतो का, हे प्रत्येक उत्तरपत्रिकेत वेगळे पाहावे लागेल. पदवीच्या वर्गात, जिथे विद्यार्थी थोडे आणि तपासणारा शिक्षक तोच असतो, तिथे असा प्रश्न विचारायला कोणताही अभ्यासक्रम आड येत नाही.